अर्धा मिलिमीटर दगड

चावीच्या घड्याळाच्या पोटात दगड असतात. जुन्या एचएमटीच्या तबकडीवर बारीक अक्षरांत ‘सतरा ज्वेल्स’ असं छापलेलं असायचं. ती सतरा माणकं. दागिन्यात बसवतात तसली नव्हेत, भट्टीत तयार केलेली, टाचणीच्या डोक्याएवढी. चाकांच्या आसांची बारीक टोकं या माणकांच्या भोकांत फिरतात. पोलादावर पोलाद घासलं की दोन्ही झिजतात. माणकात फिरणारं पोलाद तेलाच्या एका थेंबावर वर्षानुवर्षं चालतं. या युक्तीचं पेटंट 1704 साली लंडनमध्ये घेतलं गेलं. पुढे 1902 साली ओग्यूस्त व्हर्नॉय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं ज्योतीच्या उष्णतेत माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली आणि ही माणकं कामगाराच्या मनगटावरही परवडू लागली.

हे आतले दगड राबतात आणि दिसत नाहीत. मला सांगायचंय ते दुसऱ्या दगडाविषयी. तो तबकडी होऊन घड्याळाच्या तोंडावर बसतो. त्याच्याकडून काही काम होत नाही. वेळ दाखवायला रंगवलेली पितळी चकती पुरते. तरीही अशी दगडी तबकडी घडवताना पुष्कळ नग वाया जातात. लॅपिस, मॅलाकाइट, अकीक, टायगर आय अशा दगडांच्या तबकड्यांची घड्याळं अनेकदा मोजकीच निघतात. कधी शंभर, कधी पन्नास, कधी फक्त दहा. ‘लिमिटेड एडिशन’ हे शब्द वाचले की आपल्याला वाटतं, किंमत चढवायला आकडा लावलाय. पुष्कळदा तसं असतंही. पण दगडाच्या तबकडीत तो आकडा दगडच ठरवतो, हे मी तळवड्यात शिकले.

तळवड्यात गेज, म्हणजे मापं तपासायची साधनं, बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी तपासणीचं काम करते. पिंपरी-चिंचवडच्या नकाशात तळवडे अगदी उत्तरेच्या कडेला आहे. पलीकडे इंद्रायणी आणि देहू. एका बाजूला आयटी पार्कच्या काचेच्या इमारती, दुसऱ्या बाजूला पत्र्याच्या शेडमधले वायरकट, ग्राइंडिंग, होनिंगवाले. आमचं गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक चाकणचे गाड्यांचे कारखाने. त्यांच्या इंजिनाच्या भोकात आमच्या प्लग गेजची ‘गो’ बाजू सरळ गेली पाहिजे आणि ‘नो गो’ बाजू अडली पाहिजे. या दोन बाजूंमधला फरक डोळ्याला दिसत नाही. तो मायक्रॉनमध्ये असतो, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. हात गरम असला तरी माप बदलतं, म्हणून आमच्या खोलीचं तापमान वर्षभर 20 अंशांवर ठेवतात.

आमच्या साहेबांचे एक स्नेही निगडी प्राधिकरणात राहतात. त्यांना जुन्या घड्याळांचा नाद. ते एकदा कापसात गुंडाळलेली तबकडी घेऊन आले. 1970च्या दशकातल्या स्विस घड्याळाची, टायगर आयची. तपकिरी दगडात सोनेरी पट्टे, तिरपी केली की पट्टा एका कडेकडून दुसऱ्या कडेला सरकायचा. मधल्या भोकापासून कडेपर्यंत मात्र तडा गेलेला. त्यांना तशीच नवी करून हवी होती. घड्याळजींनी हात टेकले होते, आणि परदेशातून मागवायची तर त्या मापाची मिळत नव्हती. “तुम्ही लोक मायक्रॉनमध्ये काम करता ना, बघा काही होतंय का,” असं म्हणून त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

मी ती मापली. एकूण जाडी मिलिमीटरला थोडी कमी. त्यात खालची पितळी चकती 0.4, मध्ये डिंकाचा पातळ थर, आणि वर दगड जेमतेम अर्धा मिलिमीटर. व्यास 30च्या आसपास. एवढा रुंद आणि एवढा पातळ दगड हातात धरला तर पापडासारखा मोडेल. तो उभा राहतो खालच्या पितळेच्या आधारानं. पितळेच्या मागच्या बाजूला दोन बारीक तांब्याच्या खुंट्या जोडलेल्या होत्या. त्यांना पाय म्हणतात. घड्याळाच्या यंत्रात दोन भोकं असतात, त्यांत हे पाय बसतात आणि बाजूचे स्क्रू त्यांना धरून ठेवतात. दगडाला पाय जोडता येत नाहीत, म्हणून पितळ हवंच.

इथूनच अडचणी सुरू होतात. पितळ उष्णतेनं जास्त फुगतं, गारगोटीच्या जातीचे दगड साधारण त्याच्या निम्म्याने. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड यांत 40 अंशांचा फरक धरा. 30 मिलिमीटरच्या पितळी चकतीचा व्यास तेवढ्यानं 23 मायक्रॉन वाढतो. वरचा दगड तितका वाढत नाही. ही ओढाताण मधल्या डिंकानं सोसायची. डिंक कडक असेल तर दगड तडकतो, फार मऊ असेल तर दगड सरकतो आणि काट्यांचं भोक मध्यावरून हलतं. त्या जुन्या तबकडीचा तडा भोकापासूनच सुरू झाला होता, आणि ते स्वाभाविक होतं. भोकाच्या कडेवरचा एखादा टवका, डोळ्याला न दिसणारा, हीच तड्याची पहिली जागा.

चावीचं घड्याळ कसं चालतं, हे इथं थोडक्यात सांगते, कारण जाडीचा प्रश्न त्यावाचून कळणार नाही. चावी दिली की डबीतली लांब कमान गुंडाळली जाते. ती उलगडायला बघते आणि चाकांची माळ फिरवते. माळेच्या शेवटी एक दातेरी चाक आणि एक आकडी असते. ही आकडी चाकाला एकेका दातानं पुढे सोडते, आणि प्रत्येक वेळी एका तोलचाकाला हलका झटका देते. तोलचाक मागे-पुढे झुलतं, त्याची लय कमान सुटण्याचा वेग ठरवते. आपण ऐकतो ती टिकटिक या आकडीची. एचएमटी ‘जनता’मध्ये तासाला 18,000 ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला पाच. आजच्या अनेक घड्याळांत 28,800, सेकंदाला आठ. या यंत्राच्या मधून दोन नळ्या वर येतात, तबकडीच्या भोकातून बाहेर पडतात आणि त्यांच्यावर काटे बसतात.

साधी तबकडी 0.4 मिलिमीटरची असते. दगडाची तिच्या दुप्पट. म्हणजे नळ्याही लांब हव्यात, काटे उंच, काच उंच, आणि घड्याळ जाड. हा पेच स्विस कंपनी पियाजेनं उलट्या बाजूनं सोडवला. 1957 साली त्यांनी अवघं 2 मिलिमीटर जाडीचं चावीचं यंत्र काढलं. यंत्रानं जागा सोडली, ती पुढच्या दशकात दगडानं घेतली. लॅपिस, जेड, मॅलाकाइट, टायगर आय, सगळं त्यांच्या तबकड्यांवर आलं. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या पत्नी जॅकलीन यांच्याकडे जेडच्या तबकडीचं पियाजे होतं. रोलेक्सनं 1970च्या दशकात दगडी तबकड्या वापरल्या, मग बरीच वर्षं तो प्रकार मागे पडला, आणि 2023 साली कार्नेलियन, फिरोजा आणि हिरव्या अ‍ॅव्हेंच्युरिनच्या तबकड्या घेऊन त्यांचं ‘डे-डेट’ पुन्हा आलं. आता ही हौस जगभर वाढलीय.

आमच्या टेबलावर मात्र प्रश्न साधा होता. कापायचं कसं आणि धरायचं कसं?

आमच्याकडचा सरफेस ग्राइंडर लोखंडाला चुंबकानं धरतो. दगडाला चुंबक धरत नाही, पितळेलाही नाही. वायरकट म्हणजे विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं मशिन. दगडातून वीज जात नाही, म्हणून तेही बाद. ज्या दोन मशिनांवर तळवड्याचं निम्मं पोट चालतं, ती दोन्ही इथं निरुपयोगी. उरला जुना मार्ग. पोलादी पाटावर लाखेनं दगड चिकटवायचा, हिऱ्याच्या कणांची पाती लावून पाण्यात कापायचा, आणि ओतीव लोखंडाच्या लॅपिंग प्लेटवर हिऱ्याची पेस्ट लावून हातानं घासायचा. आमच्याकडे लॅपिंगचं काम एक काका करतात. कार्बाइडचे तुकडे ते आरशासारखे सपाट करतात. कार्बाइड टायगर आयपेक्षा किती तरी कठीण. पण त्यांना पहिल्याच दिवशी कळलं की दगड कठीण असणं हा मुद्दाच नव्हे.

“ताई, कार्बाइड सगळीकडे सारखा असतो,” ते म्हणाले. “याच्यात दर मिलिमीटरला माल बदलतोय. आवाजावर लक्ष ठेवा. आधी आवाज फुटतो, मग दगड.”

त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं आहे. खनिजांच्या कठीणपणाला मोहस या मोजपट्टीवर 1 ते 10 असे अंक देतात. हिरा 10, घरातली सुरी साडेपाचच्या आसपास. अकीक आणि टायगर आय साडेसहा ते सात. मॅलाकाइट साडेतीन ते चार, म्हणजे सुरीनं ओरखडा उमटेल इतका मऊ, आणि त्याची धूळ तांब्याची असल्यानं विषारी. लॅपिसची गंमत निराळी. निळा दगड पाच ते साडेपाच, पण त्यात सोनेरी ठिपके असतात ते पायराइटचे, सहाच्या वर. घासताना निळा भाग लवकर झिजतो, ठिपके उंच राहतात, आणि शेवटच्या पॉलिशला एखादा ठिपका उपटून निघतो. जागेवर खड्डा. तबकडी बाद. फिरोजा सच्छिद्र असतो, तेल आणि घाम पितो, रंग बदलतो. म्हणून त्यात बहुतेक वेळा राळ भरतात. नेमका जो दगड दिसायला सुंदर, त्याच्या पोटात शिरा, थर, रेषा असतात, आणि नेमक्या त्याच जागी तो मोडतो.

आता आकड्याकडे या. समजा 5 सेंटिमीटर जाडीचा एकसारख्या रंगाचा गोळा मिळाला. काप घ्यायचा 1.2 मिलिमीटरचा, कारण त्याहून पातळ कापला तर पात्यावरच तुटतो. पात्याची स्वतःची जाडी 0.4, तेवढ्या दगडाचा चिखल होतो. म्हणजे एका गोळ्यातून 31 काप. मग 1.2चा काप घासून अर्ध्यावर आणायचा. कुणात शीर उघडी पडते, कुणात पोकळी, कुणाचा रंग आतून निराळा निघतो. उरलेल्यांना मध्ये 2 मिलिमीटरच्या आसपास भोक. ज्या घड्याळात तारखेची खिडकी असते त्यात अजून एक चौकोन, आणि चौकोनाच्या कोपऱ्यातून तडा जायला दगड टपलेलाच असतो. पुष्कळ दगडी घड्याळांत तारीख नसते त्याचं एक कारण हेच. त्यानंतर आकडे छापायचे किंवा खुणा चिकटवायच्या. कुठल्याही पायरीवर मोडला तर आधीची सगळी मजुरी पाण्यात. धातूच्या तबकडीत शंभरावा नग पहिल्यासारखाच निघतो. दगडात दुसराही पहिल्यासारखा नसतो, आणि त्याच खाणीतला पुढचा गोळा त्याच रंगाचा असेल याची हमी कोणी देत नाही. असा आकडा जाहिरातीनं ठरत नाही. तो रिजेक्शनच्या पेटीत काय पडलं यावरून ठरतो, आणि माझ्यासारख्या तपासणीवालीला असा आकडा पटतो.

आमच्या कामाचं काय झालं, तेही सांगते. पितळी चकती आम्ही केली, ते सोपं होतं. दगड साहेबांच्या स्नेह्यांनी जयपूरहून कापून आणला. पहिले काप भोकाशीच गेले. मग काकांनी क्रम बदलला: जाड कापाला आधी भोक, मग तो पितळेवर चिकटवायचा, आणि शेवटी घासून पातळ करायचा. भोकात लाख भरून ठेवली, म्हणजे कडेला आधार. हे काम जेवणाच्या सुट्टीत आणि शिफ्ट संपल्यावर चाललं. एक तबकडी अखेर माझ्या टेबलावर आली. सपाटी मी तपासली, जाडी जुन्या तबकडीशी जुळवली आणि सही करून पास केली. ते घड्याळ आज चालू आहे.

तो नग हातात घेतला तेव्हा मला सासऱ्यांच्या पिढीची आठवण झाली. आमच्या या औद्योगिक पट्ट्यात एचएमटी हे नाव दोन ठिकाणी दिसायचं, मशिनवर आणि मनगटावर. हिंदुस्थान मशिन टूल्स ही सरकारी कंपनी 1953 साली बंगळुरूत उभी राहिली. तिचे लेथ आणि ग्राइंडर पिंपरी-भोसरीच्या शेडांत आजही फिरताहेत. त्याच कंपनीनं 1961 साली जपानच्या सिटिझनच्या सहकार्यानं घड्याळं सुरू केली. माझे सासरे एचएमटीच्या लेथवर उभे राहून एचएमटीचं घड्याळ बघत शिफ्ट मोजायचे. यंत्र घडवणारी माणसं आणि घड्याळ घडवणारी माणसं ही तेव्हा एकाच छताखालची होती, हे मला फार मोलाचं वाटतं. जानेवारी 2016मध्ये केंद्र सरकारनं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. महाराष्ट्राचा घड्याळाशी संबंध त्याहून जुना. वेस्ट एंड वॉच कंपनी हे नाव 1886 साली मुंबईत सुरू झालं. घड्याळं स्वित्झर्लंडमध्ये बनायची, बाजार मुंबईचा. आपण विकलं पुष्कळ. बनवलं थोडं.

देशात आज महागडं यांत्रिक घड्याळ कुठवर पोचलंय, याचं उदाहरण टायटनचं. 2025 साली त्यांनी ‘नेब्युला जलसा’ आणलं. नग दहा, किंमत 40 लाख 50 हजार रुपये. निमित्त जयपूरच्या हवामहलाला सव्वादोनशे वर्षं झाल्याचं. तबकडीवर पद्मश्री शाकिर अली यांचं संगमरवरावरचं लघुचित्र, आणि आत कंपनीनं स्वतः घडवलेलं टूर्बियाँ, म्हणजे तोलचाक आणि आकडी यांना एका पिंजऱ्यात बसवून तो पिंजराच फिरवणारी रचना. हे घड्याळ आपल्या कुणाच्या खिशातलं नाही. पण होसूरच्या कंपनीनं आणि जयपूरच्या चित्रकारानं मिळून ते केलं, याचा मला मनापासून आनंद आहे, आणि आपला हा पट्टा यात कुठेच नाही याचं दुःखही.

कारण दगड तर आपल्या पायाखाली आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून लाव्हाचे थर पसरले, त्यांचा आजचा विस्तार पाच लाख चौरस किलोमीटर, आणि महाराष्ट्राचा बहुतेक भाग त्यावर उभा आहे. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे आत अडकले. नंतर लाखो वर्षं पाणी झिरपलं आणि त्या पोकळ्यांत खनिजं साठत गेली. अकीक, जॅस्पर, स्फटिक, जांभळा अ‍ॅमेथिस्ट, पांढरे-गुलाबी झिओलाइट. विहीर खणताना, घाटात बोगदा पाडताना, खाणीत सुरुंग लावताना ती उघडी पडतात. पुण्याजवळ वाघोलीच्या दगडखाणींत कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज सापडतं. पांढऱ्या स्टिल्बाइटवर बसलेले त्याचे निळे गोंडे जगभरच्या संग्रहालयांत वाघोलीच्या नावानं मांडलेले आहेत. ते प्रथम सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण 1980च्या दशकाच्या अखेरीपासून सर्वांत देखणे नमुने आले ते वाघोलीतून. ज्यांना आपल्या मातीतला हा खजिना एका जागी बघायचाय, त्यांनी सिन्नरचं गारगोटी संग्रहालय जरूर बघावं. मुलांना घेऊन जा.

कॅव्हन्साइटची तबकडी होईल का, असं काकांनी मला विचारलं होतं. होणार नाही. तो मॅलाकाइटइतकाच मऊ, ठिसूळ, आणि गोंडे लहान. 30 मिलिमीटरचा सलग काप त्यातून निघतच नाही. तो जसा आहे तसाच बघावा. अकीकाची मात्र होईल, आणि उत्तम होईल. कठीण, घट्ट, पट्ट्यांनी भरलेला, पॉलिश घेणारा. आपल्याकडच्या माणसांना हे तीन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होतं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968पासून पंधरा वर्षं उत्खनन केलं. तिथल्या ताम्रपाषाण वस्तीत अकीक आणि कार्नेलियनचे मणी मिळाले. मण्याला आरपार भोक पाडलेलं असतं. तबकडीच्या भोकाशी आम्ही जे झगडलो, ते काम त्या माणसांनी विजेशिवाय केलं होतं.

हे काम आजही हातानं चालतं, गुजरातेत खंबातला. रतनपूरच्या खाणींतला अकीक तिथं येतो, भाजून लाल केला जातो, ठोकून घडवला जातो. भोक पाडतात ते धनुष्यासारख्या काठीनं फिरवलेल्या सुईनं, आणि सुईच्या टोकाला हिऱ्याच्या दोन कण्या बसवलेल्या असतात. वरून पाण्याचे थेंब. आमची हत्यारं वेगळी, तत्त्व तेच: हिऱ्याचे कण आणि पाणी.

पण खंबातचं नाव निघालं की दुसरी गोष्टही सांगितलीच पाहिजे. अकीक म्हणजे सिलिका. कोरडा घासला की तिची धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि सिलिकोसिस होतो. फुप्फुस कडक होत जातं, दम लागतो, क्षयाचा धोका वाढतो, आणि सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. खंबातच्या अकीक घासणाऱ्या कुटुंबांत हा आजार वर्षानुवर्षं नोंदवला गेलाय. घरातच काम, त्यामुळे शेजारी बसलेल्या बायकामुलांनाही. कामगार सुरक्षेच्या कायद्यात सिलिकोसिस हा कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांत आहे, पण घरात काम करणाऱ्याला तो कायदा पोचत नाही. दगड पाण्याखाली कापणं, धूळ ओढणारा पंखा, योग्य मास्क, एवढ्यानं हा आजार टळतो. असुरक्षित काम फक्त खंबातला चालतं असं नाही. आमच्या तळवड्यात डिसेंबर 2023मध्ये वाढदिवसाच्या स्पार्कल मेणबत्त्या बनवणाऱ्या बेकायदा शेडला आग लागून तिथं काम करणाऱ्या बायका गेल्या. लहान शेडमध्ये कसं काम चालतं हे मी रोज बघते, म्हणून सांगते: सुंदर तबकडी कुणाच्या फुप्फुसातून येत असेल तर ती नको.

आता ज्यांना असं घड्याळ घ्यायचंय त्यांच्यासाठी. लाखोंचंच घ्यायला हवं असं नाही. लहान कंपन्याही दगडी तबकडीची घड्याळं काढतात. दुकानदाराला आधी विचारा, हा दगड आहे की काच? ‘अ‍ॅव्हेंच्युरिन’ म्हणून जे निळं, चमचमत्या ताऱ्यांचं विकतात ते बहुतेक वेळा काच असते, आत धातूचे कण असलेली. काच वाईट नसते, सुंदरच दिसते, फक्त तिला दगडाचा भाव देऊ नका. काळा ‘ऑनिक्स’ बहुधा रंगवलेला अकीक असतो. साखरेच्या पाण्यात भिजवून मग आम्लात घालून काळा केलेला. ही जुनी, सर्वमान्य रीत आहे, पण ती लपवायचं कारण नाही. फिरोजा म्हणून रंगवलेला हाउलाइट खपवतात, दगडाचा चुरा राळेत बांधून केलेल्या चकत्याही. अस्सल दगडाच्या दोन तबकड्या शेजारी ठेवल्या तर नक्षी वेगळी दिसेल. सगळ्या हुबेहूब सारख्या असतील तर शंका घ्या. आणि तबकडी कशाची आहे हे बिलावर लिहून घ्या. घरी आणल्यावर असं घड्याळ उन्हातल्या गाडीत ठेवू नका, फरशीवर पडू देऊ नका, आणि उघडायचं झालं तर दगडी तबकडी हाताळलेल्या घड्याळजीकडेच द्या. काटे काढताना तबकडीवर चिमट्याचा दाब पडतो, आणि पितळेला जो दाब जाणवतही नाही तो दगडाला पुरेसा असतो.

माझं शेवटचं सांगणं आमच्याच पट्ट्यातल्या लोकांना आहे. मंदी आली की तळवडे, भोसरी, चाकणमधल्या शेडांत मशिनं रिकामी उभी राहतात. सपाटी, जाडी, भोक, कड, या चार गोष्टींवरच आपण पोट भरतो, आणि दगडी तबकडीला याहून वेगळं काही लागत नाही. दगड आपल्या जमिनीत आहे, कापणारे जयपूरला आणि खंबातला आहेत, यंत्र बनवणारे देशात आहेत. ज्यांच्याकडे लॅपिंग प्लेट आणि हिऱ्याची पेस्ट आहे त्यांनी एक अकीक घेऊन बघावा. पाणी चालू ठेवावं, मास्क लावावा, आधी भोक पाडावं आणि मग पातळ करावं. पितळी चकतीचं ड्रॉइंग आमच्याकडे आहे. साहेबांना विचारलंय, मागेल त्याला ते द्यायला त्यांची ना नाही.